सुभद्राबाईंचा पाट

बातमी आली तेव्हा मी हेडमास्तरांची नक्कल करत होते. मधली सुट्टी होती. पदर डोक्याला फेट्यासारखा गुंडाळून, छडी काखेत धरून मी "शिस्त! शिस्त म्हणजे काय?" असं गर्जत होते, आणि वाशीमच्या मोटारीचा कंडक्टर दारात येऊन उभा राहिला. वाटलं, हाही हसायला आलाय. तो म्हणाला, "बाई, तुमच्या सुभद्राबाई गेल्या. काल, भावाच्या घरी." छडी काखेतच राहिली... गंमत म्हणजे मी या शाळेत शिकवायला लागले तेव्हा नकला मला त्यांनीच शिकवल्या होत्या. म्हणायच्या, "शांते, ज्याच्या हाताखाली राबाचं त्याची नक्कल आली पायजे. नाही तं रडू येते."

कारंज्याजवळच्या आमच्या गावात मुलींची शाळा उघडली ती सुभद्राबाईंना घेऊनच. त्या लहानपणीच विधवा झालेल्या, ट्रेनिंग झालेल्या, बुटक्या, आवाज मात्र बाजाराच्या दिवशीही पलीकडच्या गल्लीत पोचेल असा. घरोघर जाऊन त्यांनी मुली जमवल्या. "पोरगी शिकून काय करन?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "सासूले उत्तर देईन." सासवा चिडायच्या, सुना गुपचूप पोरी पाठवायच्या. शाळा उभी राहिली आणि मग तिला हेडमास्तर आला. मुलींची शाळा, पण हेडमास्तर पुरुष. तो बदलून गेला, दुसरा आला, मग तिसरा. प्रत्येकाला कुठल्या घरची मुलगी कधी शेतात निंदायला जाते, कुठला बाप कशाने वळतो, हे सगळं सुभद्राबाईंनी शिकवलं. शिकून झालं की तो मोठ्या गावी जायचा. मधल्या रिकाम्या महिन्यांत चार्ज बाईंकडे. एकदा मी विचारलं, बाई, कंटाळा नाही का येत? कापसाच्या जिनिंग कारखान्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "रुई मुंबईले जाते, सरकी इथंच राह्यते. मी सरकी हाव."

पण त्यांना हेडमास्तरची ती जागा हवी होती. उगीच साधेपणाची शाल त्यांना पांघरू नये. फार हवी होती.

अडत होतं ते पंगतीपाशी. आमच्याकडे तपासणी शाळेत होते आणि निकाल लागतो जेवताना. इन्स्पेक्टर साहेबांचं जेवण शाळा-कमिटीचे प्रमुख नानासाहेब यांच्या घरी, आणि साहेबांच्या उजव्या हाताचा पाट हेडमास्तरांचा. शाळेला काय मिळायचं, कुणाला वर न्यायचं, ते भातावर तूप पडेपर्यंत ठरलेलं असतं. तिसरे हेडमास्तर गेले त्या वर्षी चार्ज बाईंकडे होता. मुलींनी साहेबांपुढे भूगोल असा म्हटला की साहेब उठून टाळ्या वाजवू लागले. आणि जेवायच्या वेळी नानासाहेब ओसरीतून म्हणाले, "बाई, तुमी आत जा. बायकाईची पंगत मागून." उजव्या हाताच्या पाटावर बसले आमचे काल-परवा लागलेले असिस्टंट मास्तर. मी आणि बाई वाढायला. वरणाची वाटी हातात घेऊन बाई त्या पाटापाशी क्षणभर थांबल्या. मास्तर म्हणाले, "थोडंच वाढा." महिन्याभरात ते हेडमास्तर झाले. नानासाहेबांनी बाईंना प्रेमानं समजावलं, "तुमच्या कामाले नाव नाही ठेवत मी. पण हेडमास्तरले चार माणसाईत बसा लागते. तुमी कशा बसान?"

"बसून दाखवू का?" बाई म्हणाल्या. नानासाहेब हसले. विनोद समजले बिचारे.

ते मास्तरही यथावकाश गेले. पुन्हा चार्ज, पुन्हा तपासणी. या वेळी बाईंनी साहेबांना आधीच निरोप धाडला, जेवण शाळेत. सुताराकडून सागवानी पाट करून घेतला. पटांगणात गोवऱ्या पेटवून आम्ही रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, निंबाखाली पत्रावळी मांडल्या. साहेब बसले. त्यांच्या उजव्या हाताला पाट ठेवून बाई बसल्या, पदर सावरून, जणू रोजच बसतात.

नानासाहेब उभेच. मग म्हणाले, "माहा आज उपास हाय."

त्यांच्या मागून कमिटीतल्या एकेकाला आपापला उपास आठवला. बुधवार होता! बुधवारचे एवढे देव कुठून निघाले कोण जाणे. सगळे निघून गेले. वाऱ्यानं रिकाम्या पत्रावळी उडायला लागल्या, तेव्हा बाई उठल्या, प्रत्येक पत्रावळीवर एकेक रोडगा ठेवला आणि परत पाटावर येऊन बसल्या. "जेवा साहेब. निवून जाईन." साहेब खाली मान घालून पोटभर जेवले, ढेकर दिली आणि जाताना म्हणाले, "बाई, तुम्ही हुशार आहात. पण कमिटीला सोबत घेऊन चालता यायला हवं."

नवे हेडमास्तर आले. बाईंनी त्यांनाही सगळं शिकवलं. मात्र घरोघर जाणं हळूहळू कमी झालं. दुपारी वर्गात बसल्या बसल्या डोळे मिटायच्या. नकला मला सांगायच्या, स्वतः करायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "थकले नाही वं मी. सांगू सांगू थकले." पाट त्यांनी वर्गात आणून ठेवला होता. फळ्याच्या वरच्या टोकाला हात पोचावा म्हणून त्यावर उभ्या राहून लिहायच्या. त्यावर बसलेलं त्यांना पुन्हा कुणी पाहिलं नाही. नोकरी संपली तेव्हा त्या वाशीमला भावाकडे गेल्या, पाट वर्गातच राहिला.

परवा हेडमास्तरांनी विचारलं, "हा पाट बाईंच्या भावाकडे पाठवायचा ना?" मी म्हटलं, "शाळेचा आहे." खोटं बोलले. धुऊन, पुसून मी तो उन्हात ठेवला. अजून त्याच्या फटींतून खडूची भुकटी निघते...

हेडमास्तरांची बदली झाली आहे. आता सर्वांत जुनी मीच. बाईंएवढी धमक माझ्यात नाही, मी आपली नकला करणारी. पण गोवऱ्या सांगून ठेवल्या आहेत. इन्स्पेक्टर साहेब येत्या बुधवारी येताहेत म्हणे.

मला बुधवारी उपास नसतो.