बिननावाची पाटी

दुखवटेला मी ओळखत होतो, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. टीव्ही चॅनलच्या एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, मधे प्लायवूडची भिंत असलेल्या दोन खोल्यांत आम्ही उभी नोकरी काढली. त्याचा खोकला मी जिन्यावरून ओळखायचो. पण तो लहानपणी कुठे वाढला, त्याला भावंडं किती, हे मला आजही माहीत नाही. त्याच्या घरीही मी क्वचितच गेलो. तरी आमच्या जुन्या मंडळींनी ठरवलं की त्याच्याविषयी कोणीतरी लिहायला हवं. बाकीच्यांना चांगलं बोलता येतं, ते बोलून मोकळे झाले, आणि लिहिणं माझ्या गळ्यात आलं. मी आयुष्यभर पडद्यावर दाखवायच्या पाट्या रंगवल्या. 'थोड्याच वेळात पुढील कार्यक्रम', 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. त्यापलीकडे माझी मजल कधी गेली नाही. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

दुखवटे हे त्याचं आडनाव नव्हे. ते मेकअपवाल्याने ठेवलेलं नाव, आणि ते इतकं चिकटलं की पगारवाटप करणारा कारकूनही त्याला त्याच नावाने हाक मारू लागला. त्याचं काम आठवड्याचे कार्यक्रम आखण्याचं. त्याच्या खोलीत भिंतभर लाकडी फळा होता, त्यावर वारांचे रकाने आणि ओळीने खिळे. प्रत्येक कार्यक्रमाची एक पुठ्ठ्याची पट्टी, ती खिळ्याला टांगायची. मालिका पिवळ्या, गाणी हिरवी, विनोदी कार्यक्रम तांबडे. लांबून बघावं तर वाळत घातलेली तान्ह्या मुलाची झबली वाटावीत. आणि कपाटाच्या वर एक पत्र्याचा डबा. त्यात नुसत्या करड्या पट्ट्या. त्या राष्ट्रीय दुखवट्याच्या.

देशातलं कोणी मोठं माणूस गेलं की तो डबा खाली यायचा. मग जाहिराती बंद, गाणी बंद, विनोद बंद, क्रिकेट बंद. रंगीत पट्ट्या उतरायच्या आणि करड्या चढायच्या. बासरी, संथ नदीची फिल्म, बातम्या, पुन्हा बासरी. नदीच्या फिल्ममधला एक नावाडी कॅमेऱ्याकडे बघून हसायचा, तेवढा तुकडा दुखवटेने स्वतः बसून काढून टाकला होता. हवामान सांगणाऱ्या पोराला तो बजावायचा, "उद्या लख्ख ऊन पडणार असलं तरी जरा पडल्या आवाजात सांग."

एकदा त्याने डबा नुसता झटकायला खाली घेतला, तर पाच मिनिटांत ही बातमी कँटीनपर्यंत पोहोचली. मोठे साहेब धावत आले. "कोण? कोण गेलं?"

"कोणी नाही साहेब. झुरळं झालीत."

मेकअपवाला तर येताजाता विचारायचा, "काय दुखवटे, आज कुणाचा नंबर लावलास?" दुखवटे त्यावर हसायचा नाही आणि रागवायचाही नाही. "तुझा लावला असता," म्हणायचा, "पण तुझ्यासाठी कोण बासरी वाजवणार?"

दुखवट्याचे नियम बरेचसे त्यानेच घालून दिले होते. कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या संगीतात ठेका ऐकू आला की तो बाद, हा त्याचाच. आणि पाटीचा नियमही त्याचाच. पहिल्यांदा मी काळ्या चौकटीची पाटी रंगवली तेव्हा तीत गेलेल्या माणसाचं नाव घातलं होतं. दुखवटेने ती हातात घेऊन इकडून तिकडून पाहिली. "पेंटर, नाव काढ. बातम्यांत सांगतातच की कोण गेलं ते. नाव घातलंस तर पुढच्या वेळी परत रंगवत बसशील." मला ते पटलं. तेव्हापासून आमची पाटी बिननावाची. 'दुःखद निधनामुळे आजचे नेहमीचे कार्यक्रम रद्द करण्यात आले आहेत.' बस. कोणाच्या निधनामुळे, ते नाही. ती पाटी मोठमोठ्या लोकांना पुरली.

इतका मऊ माणूस, पण एका बाबतीत तो हटून बसायचा. दुपारी जेवणाच्या वेळेला सासूसुनेची एक मालिका लागायची. तिची पिवळी पट्टी तो त्या खिळ्यावरून हलू द्यायचा नाही. साहेबांनी किती वेळा म्हटलं, ती संध्याकाळी टाकू, जाहिराती जास्त मिळतील. हा मान खाली घालून "नको साहेब" एवढंच म्हणायचा, पण ते इतक्या वेळा म्हणायचा की साहेबच कंटाळायचे. मेकअपवाला म्हणायचा, "सुनेवर जीव जडलाय याचा. तिची टिकली तिरकी लागली तरी दिवसभर खिन्न असतो."

खरं कारण मला एका दुपारी त्याच्या घरी गेलो तेव्हा कळलं. कशासाठी गेलो होतो ते आता आठवत नाही. दोन खोल्यांचं घर, दुसरा मजला, खिडकीत टीव्ही. वहिनी समोर बसल्या होत्या, शेजारीण ताट वाढून बाजूला थांबली होती. वहिनींची आठवण विरत चालली आहे, हे दुखवटेने मला तोवर सांगितलं नव्हतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायच्या, मग वार, मग सकाळ आहे की दुपार. घड्याळाकडे बघून काही उमगेना. भूक लागली तरी ती भूक आहे हे कळेना. शिल्लक राहिला फक्त टीव्ही. मालिकेची धून लागली की जेवायचं. विनोदी कार्यक्रमात लोक हसायला लागले की गोळी घ्यायची. रात्रीच्या बातम्या संपल्या की झोपायचं. त्या भिंतीवरच्या फळ्यावर दुखवटेने आपलं घर टांगून ठेवलं होतं.

धून लागली. वहिनी सावरून बसल्या. पडद्यावरची सून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात रडत होती. वहिनी तिला म्हणाल्या, "आधी जेव गं बाई. रडायला काय, सगळी दुपार पडली आहे." आणि स्वतः घास घेतला. मग माझ्याकडे वळून, "भावोजी, तुम्ही का उभे? अहो, त्यांना बसायला द्या ना." दुखवटे लगबगीने खुर्ची आणायला गेला. बायकोने 'अहो' म्हटल्याचा एवढा आनंद त्या वयात कोणाच्या तोंडावर मी पाहिला नव्हता.

पुढे काही महिन्यांनी देशाचे ते वृद्ध नेते गेले. कोणते ते सांगायची गरज नाही, कोणी ना कोणी जातच असतं. सरकारने लांबलचक दुखवटा जाहीर केला. डबा खाली आला. भिंतीच्या फटीतून मला दिसत होतं, सगळा फळा करडा झाला होता आणि ती एक पिवळी पट्टी तेवढी दुखवटेच्या हातात होती. ती हातात घेऊनच तो साहेबांकडे गेला. मी पाट्या द्यायला तिथेच उभा होतो.

"साहेब, भाग नको. फक्त सुरुवातीची धून. तिच्या वेळेला. मग लगेच बासरी."

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? देश रडतोय आणि आपण ढोलकी वाजवायची?"

"ढोलकी अगदी थोडी आहे त्यात."

"थोडी! ठेका ऐकू आला की बाद, हे मला कोणी शिकवलं? तूच ना?"

दुखवटे हातातली पट्टी उलटसुलट करत राहिला.

साहेब वाईट माणूस नव्हते. आवाज खाली आणून म्हणाले, "घरी काही अडचण आहे का?"

"बायको जेवत नाही तिच्याशिवाय."

साहेबांना वाटलं, मालिकेचं वेड. ते हसले. "सांग तिला, थोडे दिवस कळ काढ म्हणावं. आमचीही भुणभुण करते." दुखवटेने पुढे काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, कोण जाणे. मी त्याच्या जागी असतो तरी मलाही सांगता आलं नसतं.

वहिनी जेवेनात. टीव्ही बंद ठेवला तर हात कापायला लागायचे, लावला तर बासरी आणि पाटी. अक्षरं त्यांना अजून वाचता येत होती. पाटी वाचून त्या विचारायच्या, "कोण गेलं?" दुखवटे सांगायचा, अमुक अमुक नेते गेले. "अरेरे," म्हणायच्या, डोळ्यांना पदर लावायच्या. थोड्या वेळाने पाटी पुन्हा आली की पुन्हा, "कोण गेलं?" हा पुन्हा सांगायचा. बातम्यांत त्या नेत्यांचा फोटो दाखवला की म्हणायच्या, "हे गृहस्थसुद्धा भेटायला आलेत वाटतं."

मग त्यांनी विचारणं सोडलं. ते अधिक वाईट झालं.

दुखवटे मला म्हणाला, "पेंटर, घरी ये. तुझं कदाचित ऐकेल." मी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, ताट तसंच होतं. समोर टीव्हीवर माझी पाटी. माझ्याच वळणाचा 'नि', माझीच काळी चौकट. मला बघताच त्यांनी हात जोडले.

"आलात भावोजी. तुम्हाला तरी कळवलं ना यांनी? मला कोणी सांगत नाही. सगळे त्या म्हाताऱ्या पुढाऱ्याचं नाव पुढे करतात. त्याच्यासाठी माझ्या घरात कोण कशाला बासरी लावेल? मला कळत नाही का? हे गेले."

"वहिनी, असं काय बोलता? हा काय समोर उभा आहे."

त्यांनी दुखवटेकडे पाहिलं. परक्या माणसाकडे बघावं तसं, नीट, सभ्यपणे. "हे ऑफिसातून आलेत. रोज येतात बिचारे. फार धावपळ करतात माझ्यासाठी."

"अगं, मी आहे मी," दुखवटे म्हणाला. त्याने लग्नाचा फोटो काढून आणला आणि आपल्या तोंडाशेजारी धरला. वहिनींनी फोटो हातात घेतला, बोट फिरवलं. "असे होते हे." मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "नाक तुमचंही तसंच आहे हो. आणि हा शर्ट ह्यांचाच. असू द्या, तुम्हाला बसला ते बरं झालं."

दुखवटे शर्टाच्या बटणाशी चाळा करत उभा राहिला. मी उगाच ताटावर झाकण ठेवलं. मला वेळेवर काही सुचतच नाही.

त्या खंगत चालल्या. डॉक्टर येऊन सुया टोचून गेला. दुखवटा संपायची वाट आम्ही दोघं ज्या आतुरतेने पाहत होतो, तशी बहुधा देशात कोणी पाहिली नसेल. दुखवट्याच्या शेवटच्या दिवशी दुखवटेने स्वतःच्या हाताने करड्या पट्ट्या उतरवल्या आणि सर्वांत आधी ती पिवळी टांगली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो घरी बसला. धून लागली. वहिनी सावरून बसल्या. त्यांनी ताट पुढे ओढलं. दुखवटेने हे मला नंतर भिंतीपलीकडून सांगितलं, मला त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"जेवली रे."

"सुटलो बाबा," मी म्हणालो.

"त्या सुनेला म्हणाली, जेव गं बाई. माझे हे गेले तरी मी जेवतेच आहे ना."

फळ्यावर सगळं परत जागच्या जागी आलं. तो मात्र त्यात परत आला नाही. पुढची सगळी वर्षं तो स्वतःच्या घरात ऑफिसातून आलेला माणूस म्हणून राहिला. वहिनी त्याला 'भाऊ' म्हणायच्या. त्याला आतल्या खोलीत झोपू द्यायच्या नाहीत, शेजारणीला सांगायच्या, परका पुरुष आहे, बरं दिसत नाही. तो बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकायचा. संध्याकाळी त्या त्याच्याशी नवऱ्याबद्दल बोलायच्या. "तुम्ही बरोबर कामाला होता ना? कसे होते हो तिथे?" आणि तो सांगायचा. चांगला होता, म्हणायचा. कामाला पक्का होता. कधीकधी त्या रागवायच्याही, "तुम्हाला नाही माहीत, तापट होते. पण मला कधी लागेल असं बोलले नाहीत." हे सगळं तो मला सांगायचा ते पट्ट्या कापता कापता, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. एकदाच म्हणाला, "मी गेल्यावर ती काय म्हणेल याची मला चिंता नाही बघ. ते मी ऐकून बसलोय."

त्यानंतरच्या दुखवट्याला त्याने माझ्यापुढे ती जुनी पाटी ठेवली. "ही मोडीत काढ. नवी कर. नावाला जागा ठेव, मोठी." मी केली. प्रत्येक वेळी नाव नव्याने रंगवत बसलो. त्याने काय फरक पडणार होता? पण त्याने सांगितलं म्हणून केलं.

आम्ही निवृत्त झालो. फळाही गेला, आता म्हणे सगळं कॉम्प्युटरवर असतं. दुखवटे गेल्या हिवाळ्यात गेला, सतरंजीवरच, झोपेत. शेजारीण वहिनींना सांगायला आत गेली तर त्या म्हणाल्या, "कोण, ते ऑफिसवाले भाऊ? अरेरे. फार भला माणूस. ह्यांच्या माघारी त्यांनीच माझं केलं." मग मालिकेची वेळ झाली, ती जुनी नव्हे, दुसरीच, पण धून लागली. त्यांनी ताट मागितलं. त्या दिवशी कुठल्याही चॅनलवर काहीही रद्द झालं नाही.

तो जायच्या काही दिवस आधी मी त्याच्याकडे गेलो होतो. वहिनी टीव्हीसमोर होत्या. तो बाहेरच्या खोलीत गोळ्या मोजून डबीत घालत होता. थोडा वेळ आम्ही बसलो. बोलायला फारसं काही नव्हतं, आम्हाला कधीच नसायचं. मी उठलो तेव्हा वहिनी आतून म्हणाल्या, "भावोजी निघाले का? हे असते तर चहा घेतल्याशिवाय सोडलं नसतं तुम्हाला."

दुखवटे गुडघ्यावर हात टेकून उठू लागला.

"थांब, टाकतो चहा."

"नको रे. पुढच्या वेळी."

"बरं. जिन्यातला दिवा गेलाय, सांभाळून उतर."

"हो," मी म्हणालो.