आप्पांची नाडी

आप्पा पाण्यात उतरताना कधी ओरडले नाहीत. आमच्या वाडीमागच्या पऱ्याचा, म्हणजे ओढ्याचा, डोह पौषात इतका गार असायचा की पाऊल बुडवताच श्वास वर ओढला जाई आणि खाली यायचं विसरे. आप्पा गळ्यापर्यंत उतरून म्हणत, "पहिले चार श्वास पाण्याचे, बाय. पाचव्यापासून आपले."

लांज्याजवळच्या वाडीत आप्पा आमचे शेजारी. जन्म बोटीवर गेलेला. रक्तदाब वाढला म्हणून कंपनीने त्यांना घरी बसवलं होतं. जानेवारीअखेर मुंबईला पुन्हा तपासणी होती; त्यात पास झाले तर बोट परत मिळणार होती. "जमिनीवर मला घेरी येते," ते म्हणत. त्यांची बायको, आमची काकी, म्हणायची, "बाकीचा गाव काय पाण्यावर राहतो?" आप्पा हसत नसत.

गार पाण्याने नाडी मंदावते आणि रक्तदाबही उतरतो, हे त्यांनी बोटीवर कुणाकडून तरी ऐकलं होतं. दिवाळीपासून ते रोज पोहत होते. शहाऐंशीच्या नाताळात मी रत्नागिरीच्या शाळेतून घरी आले, मनगटावर नवं घड्याळ घालून. मी फारशी बोलत नसे, म्हणूनच त्यांनी मला निवडलं असावं. कातळावर बसून त्यांची नाडी मोजायची आणि बोटीच्या डॉक्टरसाठी वहीत इंग्रजीत लिहायची. आकडा खरंच उतरत गेला. गुडघेही दुखेनासे झाले. हुडहुडी मात्र बाहेर आल्यावर भरायची. बोटं पांढरी पडत, सदऱ्याच्या गुंड्या मी लावून द्यायची.

सुट्टी संपत आली तेव्हा एका सकाळी मधला एक ठोका आलाच नाही. थोड्या वेळाने आणखी एक.

"आप्पा, मध्येच थांबते."

"घड्याळ थांबलं असेल तुझं."

घड्याळ चालू होतं. त्यांनी ते पाहिलं, मग माझं मनगट धरलं. "रेग्युलर लिही, बाय. काकीला बोलू नको. मला या वाडीत मरायचं नाही गो."

मी लिहिलं. अक्षर चांगलं काढलं.

तिसऱ्या दिवशी ते डोहातून वर आले, कातळावर बसले. मी गुंड्या लावत होते. हुडहुडी एकदम थांबली. मला वाटलं, ऊब आली.

तेराव्याला मी शाळेतून रजा काढून आले, तेव्हा काकीने विचारलं, "तुला कधी काय बोलले का गो, छातीबिती दुखते म्हणून?"

दुखते असं ते खरंच कधी बोलले नव्हते. मी मान हलवली. "नाही."

काकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू तरी होतीस जवळ."