आत्याच्या काठीतला लेझर

आत्या किचनच्या दारात उभी होती. मी बनवलेली नवी काठी हातात, काठीतून लाल लेझरची रेघ थेट कुकरपर्यंत गेलेली, आणि पाय? जागचे हलेनात!

"आत्या, रेघेवरून चाल ना!"

"अगं, दोरीवरून चालायला मी काय डोंबारीण आहे?"

थांबा, आधी सांगते. मी इंग्लंडमध्ये मेडनहेडला बारकोड स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीत ज्युनियर इंजिनियर आहे. सुपरमार्केटच्या टिलवर, म्हणजे बिलाच्या काउंटरवर, लाल रेघ दिसते आणि बीप वाजतं ना, ते आमचं काम. आणि लंडनमध्ये एजवेअरला एकटी राहणाऱ्या माझ्या आत्याला पार्किन्सन्स आहे. हात थरथरतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यात फ्रीझिंगपण होतं. म्हणजे पायात ताकद असते, पण 'चल' ही ऑर्डर मधेच अडकते. दारात तर हमखास. पाय जणू फरशीला चिकटतात, आणि ओढायला गेलं की माणूस पडतो.

आत्या दोनदा पडली होती. आता कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, लिंडा, सोमवारी येणार होती. घरात एकटीला नीट वावरता येतं का, हे ती बघणार. नाही आलं, तर आत्याला केअर होममध्ये जावं लागणार. जिने जन्मभर शाळेचं किचन चालवलं, तिला दुसऱ्याच्या हातचा चहा!

म्हणून मी बॉस कॉलिनकडे गेले. "एक स्क्रॅप लेझर मॉड्यूल मिळेल?"

"कशाला?"

"आत्याच्या काठीला लावायला."

"लेझर? म्हाताऱ्या बाईच्या घरात? कुणाच्या डोळ्यात गेला म्हणजे?"

"खाली तोंड करून लावीन. पॉवर कमी. काठी जमिनीवर टेकली तरच लागेल, उचलली की बंद."

त्याने माझं ड्रॉइंग उलटसुलट बघितलं. "आधी सेफ्टीवाल्याकडून पॉवर मोजून घे. मग ने." आणि मागून ओरडला, "स्विच वॉटरप्रूफ लाव, ती किचनमध्ये जाणार आहे!"

ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांनी काठी घेऊन चालून बघितलं. एकदम बेस्ट! रेघ पुढे रस्ता दाखवते, आपण मागून जायचं. किती लॉजिकल!

आणि शनिवारी आत्या दारात डोंबारीण.

मी स्विच तपासला, बॅटरी बदलली. काही नाही. शेवटी आत्याच म्हणाली, "जाऊ दे सोने, ट्रेन चुकेल तुझी," आणि मला सोडायला हॉलमधून पुढच्या दाराकडे निघाली. तिथे शेजारच्या गुजराती मुलीने दिवाळीची रांगोळी काढली होती, दारात आडवी. आत्याने पाय उचलला, रांगोळी ओलांडली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. टुणकन!

"आत्या! तू थांबली नाहीस!"

"रांगोळीवर पाय द्यायचा नसतो. ओलांडायची. एवढंपण शिकवलं नाही का तुझ्या आईने?"

मी ट्रेन सोडली. तिच्या भाजीच्या सुरीने मॉड्यूल सैल केलं, फिरवलं, सेलोटेप लावली. आता रेघ पायांपुढे आडवी, रांगोळीसारखी. आत्या पुन्हा किचनच्या दारात. काठी टेकली, रेघ उमटली, पाय उचलला, आत!

"अय्या," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे न बघता परत बाहेर गेली आणि परत आत आली. मग बाथरूम. मग बेडरूम. मी आपली मागे मागे, हात पसरून, पडली तर धरायला. "बाजूला हो गं, मधे मधे काय येतेस!"

सोमवारी मी सुट्टी घेतली. आत्याने लिंडाला बसवलं, स्वतः किचनमध्ये गेली आणि चहा ठेवला. कप थरथरला, अर्धा बशीत सांडला. लिंडा तो प्यायली. म्हणाली, बाथरूमला रेलिंग लावून देते, सहा महिन्यांनी परत बघू, तोपर्यंत इथेच राहा. आत्या पदर सारखा करत म्हणाली, "बिस्किट घे ना, लिंडा." मला मात्र तिने लगेच नजरेने सिंकमधल्या भांड्यांकडे पाठवलं.

कॉलिनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझं टेस्टिंगच चुकलं. आमच्यापैकी कुणाचे पाय अडकतात का?"

खरंय. ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये कुठलीपण काठी चालते. ज्याचे पाय अडतात, त्याच्या दारात जाऊन टेस्ट करायची. आणि जाताना स्क्रूड्रायव्हर न्यायचा. सुरीचं टोक वाकलं म्हणून आत्या अजून बोलते.