राखणीचा आवाज

ज्वारी हुरड्यात आली की आमच्या रानात पाखरांचा सुळसुळाट होतो. मग सकाळ-संध्याकाळ कुणीतरी माळ्यावर, म्हणजे शेतात चार वासे रोवून केलेल्या उंच मचाणावर, उभं राहून ओरडायचं. आमच्या घरी हे काम वडिलांचं. त्यांना सगळे आबाच म्हणायचे, मीही. तरुणपणी त्यांनी मेंढरं राखली होती, त्यामुळे त्यांच्या गळ्याला कधी भोंगा लागला नाही. "हाऽऽ हो, हुर्रऽऽ" अशी एक हाक दिली की आमची तर सोडाच, केंदूरच्या वाटेवरची पाखरंसुद्धा उठायची. शेजारचा गडी फुकटात राखण करून घ्यायचा आणि वर म्हणायचा, आबांमुळं झोपमोड होते.

मागच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि माळ्यावर चढणं बंद झालं. मी रांजणगावच्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे, मला सातची कंपनीची बस पकडायची असते, मी कुठली पाखरं राखतोय? मग डोकं चालवलं. आबांना अंगणात खुर्चीवर बसवलं, माझ्या लॅपटॉपसमोर ओरडायला लावलं आणि ते रेकॉर्ड केलं. बाजारातून एक ब्लूटूथ स्पीकर आणून माळ्याला टांगला. आधी तो फोनला जोडून पाहिला. पण फोन उचलला की बोलणंही स्पीकरवरच जायचं, आणि एकदा आमच्या सुपरवायझरचं "गाडी कहाँ है, भाई" सगळ्या रानानं ऐकलं. पाखरं त्यालाही उडाली, ही गोष्ट वेगळी. शेवटी लॅपटॉपच खिडकीत ठेवला. खिडकीपासून माळा जेमतेम पंधरा पावलं, तेवढ्या अंतरात तारेशिवाय दोघांचं जुळायचं.

लॅपटॉपवरच्या यादीत त्या स्पीकरचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे होते. ते खोडून मी गंमत म्हणून "आबा" लिहिलं. तेव्हापासून स्पीकर सुरू केला की पडद्याच्या कोपऱ्यात छोटी पाटी यायची: आबा, कनेक्टेड. आबांना दाखवली तर गडी खूश.

पण खरं सांगतो, पहिल्या दिवसापासून मला ते बरं वाटलं नाही. आबा ओट्यावर चहा पीत बसलेले, आणि तेच आबा तिकडं ज्वारीत ओरडतायत. कुत्रं आधी ओट्याकडे बघायचं, मग शेताकडे, आणि शेपूट पायात घालून गोठ्यात जाऊन बसायचं. आई एकदा चहाचा कप घेऊन पार माळ्यापर्यंत जाऊन आली. परत आल्यावर ओट्यावरच्या आबांकडे तिनं असं काही पाहिलं, की हे कोण आणून बसवलंय इथं. आबा हसले. म्हणाले, "त्यो दमत न्हाई, त्येला भाकर लागत न्हाई. मंग म्या कशाला हाय आता?" आई खवळली, "सकाळच्या पारी वंगाळ बोलू नका."

ज्वारी निघायच्या आधीच आबा गेले. सकाळी, ओट्यावरच, भिंतीला टेकून. मी बसच्या घाईत घरात शर्ट शोधत होतो. शेतातून त्यांचा आवाज येत होता, म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे. चुलीपाशी आईलाही तेच वाटलं. किती वेळ तो आवाज चालू होता आणि किती वेळ आबा नव्हते, हे आम्हाला आजही माहीत नाही.

दहाव्याला वेळ नावाच्या आमच्या नदीच्या घाटावर भावकी जमली. प्रवचनासाठी सांगितलेल्या साउंडवाल्याची गाडी वाटेत बंद पडली. माणसं नुसती बसून होती. चुलतभाऊ म्हणाला, "तुझा त्यो स्पीकर आन् लॅपटॉप घिऊन ये की. तवर भजनं तरी लावू." मी गाढव, गेलो आणि घेऊन आलो. पिंड मांडून झाले होते, समोरच्या बाभळीवर कावळे येऊन बसले होते. स्पीकर सुरू केला, पाटी आली: आबा, कनेक्टेड. मी भजन शोधायच्या आत आधीचंच सुरू झालं, शेतासाठी ठेवलेल्या पुऱ्या आवाजात. हाऽऽ हो, हुर्रऽऽ.

बाभळ एका क्षणात रिकामी झाली.

मी घाईनं बंद केलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. अर्धा तास गेला, तास गेला. कावळे पलीकडच्या काठावर बसून बघत होते, इकडे येत नव्हते. पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे माणसाचा जीव कशात तरी अडकलाय, हे आमच्याकडे पोराटोरांनाही कळतं. मग सुरू झालं नेहमीचं. मामा हात जोडून म्हणाले, "आक्काला काय बी कमी पडू देनार न्हाई, दाजी." कावळा नाही. मी म्हणालो, "आबा, रान इकनार न्हाई." नाही. धाकट्या बहिणीनं रडत रडत काहीबाही कबूल केलं, तरी नाही. ऊन चढलं. आई पिंडावरची नजर काढत नव्हती, तिच्या ओठांना कोरड पडली होती. शेवटी गावातले एक म्हातारे आप्पा काठीवर रेलून म्हणाले, "आवाज हितं धरून ठिवलाय तुमी. मानूस कसा जाईल?"

ते रेकॉर्डिंग आहे हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला तर कुणी सांगायची गरजच नव्हती. तरी मी स्पीकरपासून दूर सरकलो. आई उठून माझ्यापाशी आली. म्हणाली, "पुस त्यो आवाज. जाऊ दे त्यास्नी."

सगळ्यांदेखत मी लॅपटॉप उघडला, आबांचा आवाज निवडला आणि डिलीट दाबलं. आईला पडदा दाखवला, तिथं काही उरलं नव्हतं. आता ज्याला कॉम्प्युटर ठाऊक आहे त्याला हेही ठाऊक असतं, की असं पुसलेलं लगेच जात नाही. ते आतल्या कचऱ्याच्या डब्यात पडून राहतं, आणि तो डबा वेगळा रिकामा करावा लागतो. मी तो केला नाही. माझा हातच झाला नाही. "पुसलं," असं मात्र मी मोठ्यानं सांगितलं.

आणि कावळा आला. इतका वेळ अडून बसलेला, सरळ येऊन भाताला शिवला. बायका रडायला लागल्या, आई मटकन खाली बसली. खरी भीती मला तेव्हा वाटली. माणसाला थाप मारणं वेगळं, मी तर कावळ्याला थाप मारली होती.

त्याच संध्याकाळी मी तो आवाज डब्यातून काढून दुसऱ्या नावानं ठेवून दिला. ऐकला मात्र नाही, धीर नव्हता. स्पीकर कोठीच्या खोलीत बाजरीच्या पोत्यामागं टाकला आणि विषय संपवला.

महिनाभरानं ते सुरू झालं. सकाळी सहाच्या सुमाराला, बसच्या आधी, मी लॅपटॉपवर त्या दिवशीच्या गाड्यांची यादी बघत बसतो. एक दिवस कोपऱ्यात पाटी आली: आबा, कनेक्टेड. पाच-दहा मिनिटांनी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच वेळेला. सहा ही आबांची माळ्यावर जायची वेळ. त्या स्पीकरची बॅटरी दोन दिवसही टिकत नाही, हंगामात मी स्वतः रोज चार्ज करायचो. मग महिनाभर पोत्यामागं पडलेलं ते डबडं जिवंत कसं झालं? मी लॅपटॉप उशिरा उघडून पाहिला, दुसऱ्या जागी बसून पाहिलं. कधी चुकली तर हायसं वाटायचं, आणि दुसऱ्या सकाळी ती हजर. एकदा त्या पाटीकडे बघत मी हळूच "आबा" म्हणालो आणि स्वतःलाच शिवी हासडली.

बायकोला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर घाटावरचं खोटंही बाहेर आलं असतं. तिच्यावर मी उगाच चिडायचो, माझा चार्जर कधी जागेवर नसतो म्हणून. ती म्हणायची, मी हातसुद्धा लावला नाही. रात्रीचं जेवण जाईना. मनात एकच किडा वळवळायचा. आबा सुटले नाहीत, रोज सकाळी कामावर येतात, आणि त्यांना अडकवून ठेवलंय ते मी.

शेवटी एका सकाळी म्हटलं, आज काय तो निकाल लावू. पाटी आली तसा उठलो आणि कोठीचं दार ढकललं.

आई पोत्याला टेकून बसली होती. मांडीवर स्पीकर, त्याचा निळा दिवा लागलेला, शेजारी माझा चार्जर. तिनं त्या पेटीला कान लावला होता. मला बघून दचकली आणि पेटी पदराखाली घेतली.

"काय करतीस?" मी विचारलं.

"काय न्हाई." मग म्हणाली, "तू पुसलंस, ठावं हाय मला. मीच म्हनले व्हते पुस म्हनून. पर पेटीत थोडं ऱ्हायलं असंल तर, म्हनून बघती. रोज बघती. न्हाई येत काय."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगून टाकलं, "आई, म्या पुसलं न्हाई."

तिच्या तोंडावरचा रंग उतरला. "मंग कावळा कसा शिवला?"

"म्हाईत न्हाई."

उघड्या दारातून पडवीची भिंत दिसत होती. तिच्यावर आईनं रोजच्यासारखा भाकरीचा तुकडा ठेवला होता आणि एक कावळा तो टोचत होता. आई त्याच्याकडे एकटक बघत राहिली.

"तुझ्या थापा त्यांनी कवा मनावर घेतल्या व्हत्या?" ती म्हणाली. "पयल्यापासून चालवूनच घेत आले."

मग तिनं पदराखालून स्पीकर काढला आणि माझ्यापुढं सरकवला.

"लाव. पर हळू लाव. कावळा उडंल."