मानांची कॅसेट

आमच्या स्टुडिओच्या कपाटात दोन प्रकारच्या कॅसेट असायच्या. छापील लेबल लावलेल्या आणि खऱ्या. लेबलवाल्या गिऱ्हाइकाकडे जायच्या, खऱ्या आमच्याकडे पडून राहायच्या. कपाट केव्हाच भंगारात गेलं, पण त्यातले किस्से काही जात नाहीत. चार जण जमले आणि कोणी म्हणालं, "अमुक डॉक्युमेंटरी पाहिली का, काय खरी वाटते," की माझ्या जिभेला खाज सुटते. मग बायको आतून चहाचे कप जोरात आपटते. तिने हे सगळे ऐकलेत. शेवटचा सोडून.

स्टुडिओ आमच्या शहरातल्या द्वारका चौकात, टायरच्या दुकानाच्या वर. खाली हातोडा पडला की वर साऊंड हालायचा. माणसं तीनच. अण्णा दिग्दर्शक. पुण्यात तीन महिन्यांचा कोर्स केलेला, बाकी शिक्षण लग्नाच्या शूटिंगवर. काशिनाथ कॅमेरामन, पेठकडच्या डोंगरातला, बोलायला कमी आणि हात दगडासारखा स्थिर. आणि मी एडिटर, म्हणजे जे घडलं त्यातलं नको ते कापणारा.

* * *

अण्णांचं सगळ्यात महागडं यंत्र म्हणजे त्यांच्या देवघरातला पाट. नेता बुटका असला की कॅमेरा जमिनीवर, पाटावर ठेवायचा. खालून पाहिलं की माणूस डोंगर दिसतो, मागे आभाळ येतं, आणि तो काही न बोलताही पटायला लागतो. "पब्लिकची मान वर झाली की अक्कल आपोआप मागे सांडते," असं अण्णा म्हणायचे.

नगरपालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार आले. उंची जेमतेम पाच फूट, त्यातही टोपीचा वाटा होता. आम्ही त्यांना पाटावरून असं काही उंच केलं की केबलवर फिल्म लागली आणि वॉर्डात चर्चा सुरू झाली. मग साहेब प्रचाराला प्रत्यक्ष गल्लीत उतरले. एका म्हातारीने त्यांना हाताने बाजूला सारलं आणि म्हणाली, "सरक रे बाबा, मागून टीव्हीतले साहेब यायचेत."

साहेब पडले. अण्णा म्हणाले, "फिल्म जिंकली. माणूस हरला. आपलं काम फिल्मचं."

* * *

नदीकाठच्या एका वस्तीवर आम्ही दोन फिल्म केल्या. दोन्ही एकाच ऑफिसच्या. पहिलीचं नाव वस्तीसुधार, दुसरीचं अतिक्रमण. मधे वर्षभर गेलं असेल. दुसऱ्या वेळी शूटिंगला जायचा कंटाळा आला म्हणून अण्णांनी जुनंच फुटेज काढायला लावलं. तीच गल्ली, तेच हंडे, तीच दारात बसून तांदूळ निवडणारी बाई.

"अण्णा, हे तर तेच दिसेल," मी म्हणालो.

"दिसेल तेच. ऐकू दुसरं येईल."

पहिल्या फिल्मला सनई होती. दुसरीला आम्ही माश्या लावल्या. नुसतं घूं घूं. तांदूळ निवडणारी तीच बाई एका फिल्ममध्ये घराला घरपण देत होती आणि दुसऱ्या फिल्ममध्ये शहराला रोगराई. मीटिंगमध्ये एका साहेबांनी म्हणे खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. पडद्यासमोर, एसी हॉलमध्ये.

वस्ती उठली. केबलवर फिल्म पाहिलेली ती बाई ट्रकमध्ये हंडे चढवताना मला म्हणाली, "दादा, आमच्याकडे एवढ्या माश्या कधी होत्या हो?"

तिच्याकडे नव्हत्याच. त्या मी अण्णांच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केल्या होत्या. कापलेल्या फणसावर.

* * *

एकदा अण्णांनी काशिनाथला कॅमेऱ्याच्या पुढे बसवलं. "काही करू नकोस. नुसता बघ." काशिनाथने दोन मिनिटं नुसतं बघितलं. मग मी तोच चेहरा तीन ठिकाणी जोडला. एकदा पुराच्या पाण्यानंतर, एकदा फडकणाऱ्या झेंड्यानंतर, एकदा ताटातल्या पुरणपोळीनंतर.

मनमाडला रेल्वेवाल्यांच्या एका क्लबात दाखवलं. लोक हळहळले, मग ताठ बसले, मग हसले. शेवटी एक गार्डसाहेब उठून काशिनाथचा हात हातात घेऊन म्हणाले, "काय अभिनय करता हो. डोळ्यांत दुःख, अभिमान, भूक, सगळं वेगवेगळं दिसलं."

काशिनाथ लाजून म्हणाला, "साहेब, मला तेव्हा लघवीला लागली होती."

परत येताना जीपमध्ये अण्णा खूश. "बघ राजा, चेहऱ्यात काही नसतं. शेजारी काय ठेवतो त्यात सगळं."

* * *

आता मानांच्या कॅसेटचं.

सरकारी फिल्ममध्ये भाषण लांब असतं आणि वक्ता कंटाळवाणा. तो कापायचा तर मधे काहीतरी टाकावं लागतं. आम्ही माना टाकायचो. म्हणजे ऐकणाऱ्या लोकांच्या होकारार्थी हलणाऱ्या माना. मान हलली की पाहणाऱ्याचीही हलते, जांभईसारखी. पण भाषण ऐकताना खरी माणसं मान हलवत नाहीत, डुलक्या घेतात. म्हणून आम्ही माना वेगळ्या गोळा करायचो. बाजारात, एसटी स्टँडवर, देवळाबाहेर. कॅमेरा चालू ठेवायचा आणि विचारायचं, "जेवलात का?" "पाऊस बरा झाला ना?" माणूस मान हलवतो. झालं. माना १, माना २, अशी काशिनाथच्या हातची लेबलं. कुठल्याही भाषणाला कुठलीही मान चालायची.

सायखेड्याच्या बाजूची एक भाजीवाली आम्ही अशीच टिपली. प्रश्न होता, "मावशी, भाकरी खाल्ली का?" ती छान हसून मान हलवते. ही मान आम्ही एका खताच्या जाहिरातीत लावली. दोन महिन्यांनी तिने अण्णांना भर मंडईत गाठलं.

"काय रे, मी भाकरी खाल्ली म्हणाले, तू मला युरिया खाऊ घातला?"

मंडई हसली. अण्णाही हसले. मग मला म्हणाले, "माणूस तोंडाने खोटं बोलतो राजा. म्हणून आपण त्याला बोलूच देत नाही."

हे वाक्य मी बरीच वर्षं लोकांना ऐकवलं, टाळ्या घेत. आता घेत नाही.

* * *

मग धरणाची फिल्म आली. गावं डोंगरातली, त्यांतलं एक काशिनाथचं. नागली, भात, थोडी वरई. सगळी शेतं पाण्याखाली जाणार होती. अजून कोणी संमती दिलेली नव्हती आणि फिल्म त्यासाठीच होती.

काशिनाथ अण्णांना म्हणाला, "हे काम नको घेऊ."

"आपण नाही घेतलं तर दुसरा घेईल. तो तुझ्या गावाला माश्या लावेल. आपण निदान सनई लावू."

 शूटिंगला मात्र काशिनाथच गेला. आधी चार दिवस गावात जाऊन घराघरात सांगून आला, "कॅमेऱ्यापुढं कोणी मान हालवायची नाय. काहीही विचारू द्या. जेवलात का विचारलं तरी नाय."

आणि गावाने ऐकलं. अण्णांनी सगळे प्रश्न विचारले. पाऊस, भाकरी, नातवंडं. पूर्ण कॅसेटभर नुसते ताठ चेहरे. एका पोराला माशी चावली तरी तो हलला नाही. अण्णा परत आले ते चिडून. "दगड आहेत दगड." काशिनाथ पहिल्यांदाच मोठ्याने हसला. त्याच दिवशी तो आठवडाभरासाठी सटाण्याला लग्नांच्या शूटिंगला गेला.

फिल्म आठवड्यात द्यायची होती. अण्णा म्हणाले, "जुन्या माना काढ. डोंगरातल्या वाटतील अशा."

माना ३ च्या अगदी शेवटी मला एक म्हातारा सापडला. पागोटं, खांद्यावर घोंगडी, कलतं ऊन, आणि काय मान हलवली होती त्याने. मनापासून. मी खूश झालो. एका होकाराचे तीन केले. थोडं स्लो मोशन केलं, कारण स्लो केलं की माणूस विचार करून हो म्हणाल्यासारखा दिसतो. वर निवेदन होतं, "ग्रामस्थांनी आनंदाने जमिनी दिल्या." खाली बासरी.

अण्णांनी पाहिलं आणि म्हणाले, "कोणाची आहे मान? सोन्याची आहे."

कोणाची आहे ते मला माहीत नव्हतं.

* * *

फिल्म गावातच दाखवली. शाळेच्या ओट्यावर टीव्ही, जीपमागे जनरेटर. ऑपरेटर म्हणून मी गेलो होतो. काशिनाथ सटाण्याहून थेट आला आणि मागे भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला खात्री होती. गावाने मान हलवली नव्हती.

म्हातारा पडद्यावर आला. एकदा, दोनदा, तीनदा.

सगळं गाव मागे वळलं. टीव्हीकडे पाठ. कारण तो म्हातारा तिथेच बसला होता, तेच पागोटं घालून. सोमाबाबा. काशिनाथचा बाप.

मागे एका दिवाळीत काशिनाथने घरी नेऊन कॅमेरा तपासला होता. विचारलं होतं, "बा, नागली बरी झाली ना?" माना ३ च्या शेवटी थोडी जागा उरली होती, तिथे.

एक बाई म्हणाली, "सोमा, पोराला सांगून आमच्या माना बांधल्यास, अन् तू कधीच देऊन बसलास?"

सोमाबाबा पडद्याकडे बघत राहिला. मला वाटतं, तो स्वतःलाच विचारत होता, मी कधी गेलो होतो तिथं.

आमच्याबरोबर आलेल्या धरणाच्या साहेबांनी संमतीचा कागद पुढे केला. पहिला अंगठा उठायला तासही लागला नाही. सोमानेच दिली तर आपण कोणासाठी अडायचं, असं म्हणून उरलेले उठले. सोमाबाबाचा अंगठा सगळ्यात शेवटी.

जीपमध्ये काशिनाथने कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, "दादा, माना ३ चं लेबल माझ्याच अक्षरात हाय." आणि उतरला.

* * *

पाच-सहा वर्षांनी मी पुनर्वसनाच्या वसाहतीत गेलो. पत्र्याची घरं, एका रांगेत, नंबर टाकलेली. काशिनाथ मजुरीला द्राक्षबागेत गेला होता. सोमाबाबा ओट्यावर एकटा. माझ्या खांद्याला पिशवी होती, नुसती, कपड्यांची. त्याने ती पाहिली.

मी खाली बसलो. विचारलं, "बाबा, ओळखलं का मला?"

त्याने उजव्या हाताने स्वतःची हनुवटी घट्ट धरली. मग म्हणाला, "वळखला."

"तब्येत बरी आहे ना?"

हात तसाच.

"बरी."

सुनेने आतून विचारलं, पाहुण्याला चहा टाकू का. म्हाताऱ्याने दुसरा हातही वर आणला, दोन्ही हातांत डोकं धरलं आणि म्हणाला, "टाक."