काजवाल्या मावशींचं मत

आमच्या शिवणखोलीत गाण्यांबाबत एक कायदा आहे. नवा अल्बम आला की तो दिवसभर स्पीकरवर लावायचा आणि दुपारी डबा खाताना प्रत्येकीने आपलं मत सांगायचं. चांगला, वाईट, डोकं उठवणारा, काहीही म्हणा, पण म्हणा. जी गप्प बसेल तिने संध्याकाळी सगळ्या खोलीतल्या चिंध्या झाडायच्या. हा कायदा मीच केलाय. मी दिवसभर कटिंगच्या टेबलाशी उभी असते आणि मूग गिळून बसणाऱ्या माणसांचा मला भारी राग येतो.

मावशींना चिंध्या झाडायची वेळ कधी आलीच नव्हती. मावशी आमच्याकडे शर्टांच्या बटणांची काजं करतात. आम्ही शाळांचे गणवेश शिवतो, आणि मावशींच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही शर्ट गठ्ठ्यात बांधला जात नाही. किडकिडीत अंग, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि कात्री शेजारी पडलेली असली तरी दोरा दातानेच तोडायची खोड. मी शंभरदा ओरडले असेन, ऐकतील तर शपथ! गाण्याच्या बाबतीत तर त्यांच्या जिभेला हाड नाही. एकदा कुणी गळा काढून गात होता, तर म्हणाल्या, "ह्याला दुःख नाही गं झालेलं, सर्दी झालीये." तो गायक आमच्या खोलीत पुन्हा लागला नाही.

मग 'थांब' नावाचा नवा अल्बम आला.

त्याचा गायक लोकगीतांच्या चालीवर स्वतःची गाणी लिहून गाणारा. साथीला फारसं काही नाही, आवाज मात्र आतून आलेला. आधीच्या अल्बममध्ये नदी, रस्ते, परगावी गेलेली माणसं असायची. ह्या वेळी सगळी गाणी घर सोडून गेलेल्या बायकोवर. पहिल्याच दिवशी अर्ध्या मशिनी थांबल्या. इस्त्रीवाल्या वहिनींनी तर डोळे पुसता पुसता एका कॉलरवर डाग पाडला.

डबा खाताना सगळ्या अल्बमवर तुटून पडल्या. एकीला अल्बम फार संथ वाटला. दुसरी म्हणाली, आधीच्या गाण्यांना ठेका तरी होता. पण एका गाण्यावर सगळ्यांचं एकमत. त्यात तो म्हणतो, तुझ्या बोटांवरच्या सुईच्या खुणा मी दिवा मालवल्यावर चाचपायचो, तू झोपलीस असं समजून.

"अगं, हे आपल्यावरचं गाणं आहे!" बॉबिन ओरडली. आमच्यातली सगळ्यात तरुण, मशिनीतल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी सतत गरगरणारी, म्हणून तिचं नाव बॉबिन. "शिवणारणीवर कुणी गाणं केलंय का आजवर? आणि असा नवरा सोडून गेली ती भवानी! कसलं काळीज असेल बाई!"

"काळीज असतं तर गेली असती का?" वहिनी म्हणाल्या.

"मावशी, तुमचं मत?"

मावशींनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "मी झाडते आज."

मी डबा बाजूला सारला. कारण ती भवानी कोण, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मावशी कामाला लागल्या तेव्हा मी त्यांना फटकन विचारलं होतं, घरी कोण असतं म्हणून. तेव्हा त्यांनी सांगितलं. नवरा म्हणजे हाच गाणारा. दारू नाही, मारहाण नाही, दुसरी बाई नाही. फक्त बोलायचा नाही. मित्र आले की बाहेरच्या खोलीत नवं गाणं म्हणून दाखवायचा, आणि ह्या आत चहा गाळत दाराआडून ऐकायच्या. आत येऊन तुला कसं वाटलं, असं एकदाही विचारलं नाही. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचा. अशी वर्षं गेली. शेवटी एका सकाळी ह्या म्हणाल्या, "मी जाते." तो म्हणाला, "बरं." एवढंच. पुढे त्याचं नाव झालं. गल्लीत, नात्यात, जिथे जातील तिथे लोक ह्यांच्याकडे बोट दाखवायचे. आमची शिवणखोली ही एकच जागा, जिथे त्या कुणाची सोडून आलेली बायको नव्हत्या. नुसत्या मावशी होत्या.

आता त्याच खोलीत रोज 'थांब' लागू लागला. मुलींना वेडच लागलं त्याचं. रोज डब्याला त्या बायकोचा उद्धार, आणि रोज संध्याकाळी मावशींच्या हातात झाडू. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दोनदा मी तोंड उघडलं, दोन्ही वेळा मावशींनी टेबलाखालून माझा हात दाबला. एकदा बोळात गाठून मी म्हटलं, "बंद करते ते गाणं. माझा स्पीकर आहे."

"नको," त्या म्हणाल्या. "गाणं चांगलं आहे."

"चांगलं? अहो, 'थांब, थांब' म्हणून तो सगळ्या जगापुढे टाहो फोडतोय! तुम्हाला काय म्हणाला होता? बरं!"

"म्हणून तर ऐकतेय," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, आणि मी स्पीकर तसाच चालू ठेवला.

मग बॉबिनने नवीन खूळ काढलं. गायकाने म्हणे ऐकणाऱ्यांची मतं मागवली होती, फोनवर आपल्या आवाजात रेकॉर्ड करून. तो स्वतः ऐकणार होता. झालं! डबे बाजूला सरले. वहिनींनी आशीर्वाद दिले, एकीने ठेक्याची तक्रार केली, बॉबिनने छाती पुढे काढून सांगितलं, "दादा, ती बाई तुमच्या लायकीचीच नव्हती." आणि फोन मावशींपुढे धरला. "आज झाडून सुटका नाही हं मावशी. बोला."

मी टेबल सोडून धावले. मावशी एक शब्द बोलल्या असत्या तरी त्याने आवाज ओळखला असता, आणि खोलीलाही सगळं कळलं असतं. "दे इकडे तो फोन," मी म्हटलं.

पण मावशींनी तो घेतला होता. कपाळावरचा चष्मा उगाचच खाली घेतला, पुन्हा वर केला.

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "गाणी चांगली झालीत. बोटांचं तर फारच. मी झोपलेले नसायचे. तू हात का धरतोस ते कळायचं नाही, म्हणून डोळे मिटून पडायचे." फोन तोंडाजवळ आणला. "हे 'थांब' त्या सकाळी एकदा म्हणाला असतास ना, तर मी थांबले असते रे."

बॉबिनचा चेहरा पांढराफटक पडला होता. मावशींनी फोन तिच्या हातात ठेवला.

"पाठव," त्या म्हणाल्या.

बॉबिनने पाठवलं. मग मावशींच्या पायाशी बसकण मारून हमसाहमशी रडायला लागली. "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं हो."

मावशींनी तिच्या केसांत अडकलेला दोरा काढला.

"तुला कसं माहीत असणार, बाळा?" त्या म्हणाल्या. "त्याचा माझ्यावर एवढा जीव होता, हे मलाही तुमच्याबरोबरच कळलं."