कोपऱ्यातलं कापलेलं नाव

फोटोच्या कोपऱ्यातलं नाव मी कापलं. वाचून कापलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं. शिवाजी पेठेत मी डिजिटल फलक करून द्यायचो. दुकानात नेट आलं आणि मला चित्रं जमवायचा नाद लागला. डोक्यावर घरट्याएवढी टोपी घेऊन चालणाऱ्या परदेशी मॉडेल, धुक्यातले पूल, चेहरे निळे रंगवलेल्या बायका. फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उघडायचा, तोवर चहा संपायचा. आवडला की 'भारी' नावाच्या फोल्डरमध्ये. कुणी काढलाय, हे कधी लिहून ठेवलं नाही. कोपऱ्यातलं नाव मला फोटोवर बसलेल्या माशीसारखं वाटायचं.

एकदा त्या गर्दीत चक्क आपल्याकडची म्हैस दिसली. दिवाळी पाडव्याला गवळी म्हशी सजवून मिरवतात, त्यातली. रंगवलेली शिंगं, मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्यांची माळ आणि मान अशी वळवलेली, की त्या टोपीवाल्या मॉडेलनी तिच्याकडे शिकवणी लावावी. कोपऱ्यात नाव होतं आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्या काकांचं. माझ्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेले. त्यांच्या मुलीनं नेटवर टाकला असणार.

त्याच आठवड्यात एका पुढाऱ्याचा दिवाळी शुभेच्छांचा फलक करायचा होता. मी कोपरा कापला आणि म्हशीशेजारी पुढारी बसवला. फलकापाशी लोक थांबू लागले. पुढाऱ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

दोन दिवसांनी काका दुकानात आले.

"ह्यो फोटो कुठनं घेतलास?"

"नेटवरचा हाय की काका. कुणाचा न्हाय त्यो."

"कुणाचा न्हाय व्हय?" एवढंच म्हणाले आणि गेले.

पुढचं मला चहाच्या गाड्यावर कळलं. म्हशीचा मालक दरवर्षी काकांना गोठ्यात बोलावून सजवलेल्या म्हशीचा फोटो काढून घ्यायचा. त्याची समजूत झाली, की काकांनी तो पुढाऱ्याला विकला. "आमची म्हस काय प्रचाराला काढलीया व्हय? पुन्हा गोठ्यात पाय ठेवू नका," असं त्यानं चार माणसांत सुनावलं होतं.

त्याच दिवाळीच्या पाडव्याला काका कॅमेरा न घेता लांब एका कट्ट्यावर बसून मिरवणूक बघत होते. मी ते पाहिलं आणि तरी घरी जाऊन फराळ केला. लाडू पण खाल्ले, दोन.

पुढच्या वर्षीच्या पाडव्याला मात्र सकाळीच स्टुडिओत गेलो आणि काकांना म्हटलं, "कॅमेरा घ्या, गोठ्यात जाऊया."

"मार खायला व्हय रं?"

"खाल्ला तर मी खाईन. चला."

गोठ्यात शिंगं रंगवायचं काम चाललं होतं. काकांना बघून मालकानं ब्रश खाली ठेवला. "ह्यांना कशाला आणलंस?"

"मालक, काकांनी फोटो विकला न्हाय. मी नेटवरनं उचलला. त्यांना न विचारता, तुम्हाला न विचारता." घरची सगळी माणसं हातातलं काम सोडून ऐकत होती. मी काकांकडे वळलो. "काका, त्यावर तुमचं नाव होतं. ते वाचून मी कापलं. तुम्ही विचारलं तवा तोंडावर खोटं बोललो. माझ्यामुळं तुमचा एक पाडवा गेला. माझं चुकलं, मला माफ करा."